देणगी संपते, वीजबिल येत राहतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरं सुधारायची तर उद्योगांनी आपला सीएसआर निधी (कायद्याप्रमाणे नफ्यातून समाजकामासाठी खर्चायचा पैसा) महापालिकांना मोकळ्या हाताने द्यावा, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख कळकळीने लिहिलाय, त्याबद्दल वाद नाही. पण महापालिकेच्या लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या बाईच्या मनात असं काही वाचलं की पहिला प्रश्न येतो तो हा: देणारा फीत कापून, फोटो काढून गेला, आता पुढचं बिल कुठल्या लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यावर टाकायचं? लेखात याबद्दल चकार शब्द नाही, म्हणून हे पत्र. लांबलं आहे याची कल्पना आहे. काटछाट करणारच असाल तर पेन्शनचा भाग तेवढा कापू नका.

सध्या मी मुलीकडे ट्रॉयला आहे. ट्रॉय म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं उत्तरेकडचं उपनगर. मोटार उद्योगामुळे पुण्या-पिंपरीची मराठी माणसं इकडे बरीच आहेत, त्यामुळे गणपतीत काही अडत नाही. इथल्या बिग बीव्हर नावाच्या हमरस्त्यावर एक जुनं, एकोणिसाव्या शतकातलं शेतघर आणि त्याला जोडलेली नवी इमारत आहे. मुलगी म्हणाली, हा क्रेझगी ट्रस्ट, डेट्रॉइटमध्ये काहीही नवीन दिसलं की मागे यांचा पैसा असतो. निवृत्त झाले तरी दुसऱ्याचे ताळेबंद वाचायची खोड काही जात नाही. इथल्या सार्वजनिक वाचनालयात बसून मी या ट्रस्टबद्दल आणि त्याचे प्रमुख रिप रॅप्सन यांच्याबद्दल हाताला लागेल ते वाचून काढलं. रॅप्सन यांनी २००६ साली या ट्रस्टची सूत्रं घेतली. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी ऐकलेलं नसेल. पण शहराला पैसा देणाऱ्याने नक्की काय करावं आणि काय करू नये, या दोन्हींचे धडे त्यांच्या कारकिर्दीत आहेत.

आधी ट्रस्टचं. याच रस्त्यावर के-मार्ट कंपनीचं अवाढव्य मुख्यालय होतं. कंपनी २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली, इमारत वर्षानुवर्षं ओस पडली आणि आता ती पाडूनही झाली. हे के-मार्ट म्हणजे मूळची सेबॅस्टियन क्रेझगी यांची पाच-दहा सेंटांत वस्तू विकणारी दुकानं. या गृहस्थाने १९२४ मध्ये १६ लाख डॉलर बाजूला काढून ट्रस्ट केला. दुकानं बुडाली, ट्रस्ट राहिला, आणि त्याची गंगाजळी आज चार अब्ज डॉलरच्या घरात आहे. अमेरिकेचा करकायदा सांगतो की अशा खासगी ट्रस्टने आपल्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के दरवर्षी खर्च केलेच पाहिजेत. नुसतं व्याजावर बसून राहायची सोय नाही.

तर हा ट्रस्ट कित्येक दशकं मुख्यतः एकच काम करत होता, ते म्हणजे इमारतींना पैसे देणं. कॉलेज, इस्पितळ, वाचनालय, वस्तुसंग्रहालय, काहीही असो. पद्धत अशी, की बहुतेक रक्कम तुम्ही उभी करा, ठरलेल्या मुदतीत उभी केलीत तर शेवटचा हप्ता आमचा. हिशेबाच्या माणसाला ही पद्धत आवडण्यासारखी आहे. त्यामुळे संस्था वर्गणीला बाहेर पडते, चार नवे देणगीदार जोडले जातात. अमेरिकेत गावोगाव 'क्रेझगी हॉल' आहेत ते यामुळेच. पण यात एक गोम आहे. ज्या संस्थेकडे आधीच श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत तिलाच हे पैसे मिळणार. पडक्या वस्तीतला पाळणाघर चालवणारा माणूस पहिले नव्वद टक्के कुठून आणेल?

रॅप्सन आले आणि त्यांनी हे काम हळूहळू बंद केलं. एका दिवसात नाही, पुढची पाच-सहा वर्षं घेतली. पण बंद केलं. पैसा इमारतींवरून शहरांकडे वळवला: घरं, आरोग्य, शिक्षण, कलाकार, शेजार-वस्त्यांची छोटी कामं, आणि जिथे अनुदान योग्य नाही तिथे कर्ज किंवा कर्जाला हमी. नाव कोरायला भिंतच राहिली नाही, असं विश्वस्तांना पटवणं किती अवघड असतं ते ज्यांनी एखाद्या ट्रस्टच्या बैठकीत चहा दिलाय त्यांनाही माहीत असतं. मला त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात धाडसाचं काम हेच वाटतं. पुढे जे गाजलं त्याहूनही.

गंमत म्हणजे हे गृहस्थ स्वतः इमारतींच्या घरात वाढलेले. वडील राल्फ रॅप्सन हे मिनेसोटा राज्यातले नामवंत वास्तुरचनाकार, मिनिआपोलिसमधलं मूळ गथ्री नाट्यगृह त्यांनी बांधलेलं. मुलगा मात्र डॉन फ्रेझर या संसद सदस्याच्या कार्यालयात लागला आणि कॅनडाच्या सीमेवरच्या सरोवरांच्या अरण्याला संरक्षण देणाऱ्या १९७८ च्या कायद्यावर त्याने काम केलं. मग तो वकील झाला. पुढे फ्रेझर मिनिआपोलिसचे महापौर झाले आणि रॅप्सन १९८९ ते १९९३ त्यांचे उपमहापौर. हे पद आपल्या उपमहापौरांसारखं नव्हे बरं का, निवडून आलेलं नाही. महापौराने नेमलेला कारभारी म्हणा. त्या काळात तिथे एक योजना आखली गेली. २० वर्षांत ४० कोटी डॉलर वस्त्या-वस्त्यांना द्यायचे, आणि आपल्या वस्तीत ते कशावर खर्चायचे याचा आराखडा तिथल्या रहिवाशांनी बसून करायचा. पुण्यातही २००६ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करायची पद्धत आहे, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपण छोटं काम सुचवू शकतो. फरक मुदतीचा आहे. आपल्याकडे मार्च आला की सूचना मावळते, पुढल्या वर्षी परत पहिल्यापासून अर्ज. तिथे वीस वर्षांचा शब्द दिलेला होता.

नंतर १९९९ ते २००५ ते मिनेसोटातल्याच मॅकनाइट फाउंडेशनचे अध्यक्ष होते, आणि तिथून क्रेझगीत आले. म्हणजे नगरपालिकेच्या आतून आलेला माणूस. फाइल कुठे अडते हे ज्याला ठाऊक आहे अशाच्या हाती चेकबुक आलं, तर फरक पडतो.

आता डेट्रॉइट. १९५० साली या शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती, २०१० मध्ये ती सात लाखांच्या आसपास उरली. शहराचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच, सुमारे ३६० चौरस किलोमीटर. रस्ते तेवढेच, जलवाहिन्या तेवढ्याच, कर भरणारे मात्र निम्म्याहून कमी. आस्थापना खर्च आणि उत्पन्न यांचं त्रैराशिक मांडायला मोठा अर्थतज्ज्ञ लागत नाही. २०१३ च्या सुमारास शहरातले जवळजवळ ४० टक्के पथदिवे बंद होते. मार्च २०१३ मध्ये राज्य सरकारने केव्हिन ऑर या वकिलाला तिथे आणीबाणी व्यवस्थापक म्हणून नेमलं. निवडून आलेले महापौर आणि नगरसेवक जागेवर, पण सही ऑर यांची. २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासकांच्या सहीने चाललेल्या महापालिका पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. १८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉइटने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी अंदाजे १८०० कोटी डॉलर. अमेरिकेतल्या कुठल्याही महापालिकेची एवढी मोठी दिवाळखोरी त्याआधी झालेली नव्हती.

घेणेकऱ्यांच्या रांगेत रोखेधारक होते, विमा कंपन्या होत्या, आणि होते महापालिकेचे हजारो निवृत्त कर्मचारी. कारकून, उद्यानातले माळी, बसचे चालक, कचरा उचलणारे. पोलीस आणि अग्निशमनवाले वेगळ्या फंडात. साध्या कर्मचाऱ्याची पेन्शन सरासरी वर्षाला १९ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबात तुटपुंजीच. पोलीस आणि अग्निशमनवाल्यांना तर केंद्राची सामाजिक सुरक्षा पेन्शनही नाही, असलेली हीच. माझी स्वतःची पेन्शन दर महिन्याला जमा होते आणि तिच्यावर माझा औषधाचा खर्च चालतो. तेव्हा हा भाग मी कसा वाचला असेल ते आपण समजू शकाल. आपल्याकडे छोट्या नगरपालिकांतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन दोन-दोन महिने रखडते, तेव्हा मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसलेली सत्तरीची माणसं मी पाहिली आहेत.

दुसऱ्या बाजूला शहराच्या मालकीचं एक कलासंग्रहालय होतं. मालकी म्हणजे खरोखरीची, चित्रं महापालिकेच्या नावावर. ब्रूगेल, व्हॅन गॉग, आणि एका दालनाच्या चारी भिंतींवर दिएगो रिव्हेरा यांनी १९३२-३३ मध्ये मोटार कारखान्यातल्या कामगारांची काढलेली भित्तिचित्रं. मुलीने मला दाखवायला नेलं होतं. खाली बसायला बाकं आहेत, आणि वर बघता बघता मान दुखते. त्या भिंतींवर कोणी नेता नाही, धनी असलाच तर कोपऱ्यात. बाकी सगळे वाकलेले, ढकलणारे, उचलणारे लोक. तर घेणेकऱ्यांचं म्हणणं पडलं, चित्रं विका आणि आमचे पैसे द्या. लिलावगृहाकडून मूल्यांकनही झालं. म्हणजे पेच असा: चित्रं वाचवायची तर पेन्शनवर कुऱ्हाड, पेन्शन वाचवायची तर चित्रं बाजारात.

मध्यस्थीसाठी नेमलेले न्यायाधीश जेराल्ड रोझेन यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये ट्रस्टवाल्यांना एका खोलीत बोलावलं आणि विचारलं, तुम्ही पेन्शन फंडात पैसे घालता का? त्या बदल्यात चित्रं कायमची एका स्वतंत्र धर्मादाय संस्थेच्या नावावर करू. ट्रस्टच्या जगात हे भलतंच होतं. देणगी कामासाठी द्यायची असते. बुडालेल्या महापालिकेचं जुनं दायित्व फेडायला कोणी देत नाही. एकदा दिली की उद्या प्रत्येक शहर दारात उभं राहील, ही भीती खरी होती. शेवटी फोर्ड फाउंडेशनने साडेबारा कोटी डॉलर, क्रेझगीने दहा कोटी आणि बाकीच्यांनी मिळून एकूण ३६ कोटी ६० लाखांचा शब्द दिला. राज्य सरकारचे ३५ कोटी ठरले. ते वीस वर्षांत देण्याऐवजी त्या वेळच्या किमतीने साडेएकोणीस कोटी एकरकमी दिले. संग्रहालयाने आपल्या देणगीदारांकडून दहा कोटी उभे करायचे. तिन्ही मिळून ८१ कोटी ६० लाख. याला तिकडे 'महातडजोड' अशा अर्थाचं नाव पडलं. डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आलं.

हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण पेन्शनरांच्या बाजूने पाहिलं तर चित्र पूर्ण गोड नाही. साध्या कर्मचाऱ्यांची पेन्शन साडेचार टक्के कापली गेली आणि महागाईनुसार होणारी दरवर्षीची वाढ बंद झाली. पोलीस-अग्निशमनवाल्यांची मूळ पेन्शन शाबूत राहिली, वाढ निम्म्याच्या आसपास आली. निवृत्तांचा आरोग्यविमा तर जवळपास गेलाच. शिवाय एका बचत फंडावर पूर्वी जादा व्याज दिलं गेलं होतं, ते काही जणांकडून वसूल केलं. आमच्या भाषेत, अतिप्रदान वसुली. निवृत्त माणसाला यापरता वाईट कागद नसतो. तडजोड नाकारली असती तर साध्या कर्मचाऱ्यांची कपात २७ टक्क्यांपर्यंत जाणार होती, म्हणून बहुसंख्यांनी होकाराची मतपत्रिका टाकली. डोळे मिटून आनंदाने टाकली असं कोणी समजू नये. शहरालाही पेन्शन फंडात भरायच्या मोठ्या हप्त्यांतून २०२४ पर्यंत सूट मिळाली होती. आता ते हप्ते पुन्हा सुरू झालेत. त्यासाठी शहराने आधीपासून वेगळा निधी बाजूला ठेवायला सुरुवात केली होती, ही मात्र शहाणपणाची गोष्ट.

मुद्दा हा, की रॅप्सन आणि त्यांच्यासारख्यांनी दिलेल्या पैशातून इथे काहीही नवीन उभं राहिलं नाही. दगड नाही, पाटी नाही, बाक नाही. एका माळ्याच्या विधवेचा चेक थोडा कमी झाला, पण येत राहिला. हा माझ्या लेखी दानाचा सगळ्यात वरचा प्रकार.

पण कारकिर्दीची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे पत्र आरती होईल. दिवाळखोरीच्या आधीच क्रेझगीने शहराचा दीर्घ मुदतीचा आराखडा करायला पैसे दिले होते. त्यासाठी आणलेल्या नगररचनाकाराचं मानधन ट्रस्टकडून येत होतं. तेव्हाचे महापौर डेव्ह बिंग आणि ट्रस्ट यांच्यात त्यावरून धुसफूस झाली, ती वर्तमानपत्रांतही आली. रहिवाशांना भीती अशी, की विरळ वस्त्या बंद करून आपल्याला उठवणार. प्रश्न साधा आहे. नगररचनाकार महापालिकेत बसतो, पगार ट्रस्ट देतो, तर तो ऐकणार कोणाचं? महापौराला चार वर्षांनी घरी बसवता येतं. ट्रस्टच्या अध्यक्षाला मतदार घरी बसवू शकत नाहीत. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्याला धरून १५ कोटी डॉलर खर्चण्याचं क्रेझगीने जाहीर केलं. हेतू चांगला, कामही बरं. तरी हा प्रश्न मला अनुत्तरितच वाटतो.

वुडवर्ड अॅव्हेन्यूवरच्या ट्रामचंही तेच. क्रेझगीने सुरुवातीलाच साडेतीन कोटी डॉलर कबूल केले, बाकी पैसा बड्या उद्योजकांचा आणि सरकारचा. मूळ बेत शहराच्या उत्तर सीमेपर्यंत लांब मार्गाचा होता. २०१७ मध्ये प्रत्यक्षात धावली ती ३.३ मैल, म्हणजे सव्वापाच किलोमीटर. तीही बहुतांशी रस्त्याच्या कडेने, मोटारींच्याच मार्गिकेतून. कोणी गाडी वेडीवाकडी लावली की अख्खी ट्राम मागे थांबून घंटा वाजवते. मी बसले आहे त्यात, घंटा ऐकली आहे. पूर्व आणि पश्चिमेकडच्या गरीब वस्त्यांतून येणारा माणूस अजून बसच्याच रांगेत. २०२४ मध्ये ही ट्राम शहराच्या सार्वजनिक यंत्रणेकडे सोपवली गेली, म्हणजे फिरून बिल पालिकेच्याच दारात. नदीकाठचा फिरायचा रस्ता मात्र झकास. तो रॅप्सन यांच्या आधीच सुरू झालेला. ट्रस्टने त्याला पाच कोटी दिले होते. समोर कॅनडा दिसतो, संध्याकाळी गळ टाकून बसलेली माणसं असतात, आणि कुठेही फूटभर अक्षरांत 'सौजन्य' लिहिलेलं मला दिसलं नाही.

आता आपल्याकडे येते. मी ज्या महापालिकेत होते तिथे एका कंपनीने बसथांब्याजवळ शुद्ध पाण्याचं यंत्र दिलं. सामंजस्य करार दोन पानांचा. त्यात फलकाचा आकार, रंग आणि बोधचिन्हाची जागा यांवर एक अख्खा परिच्छेद, आणि 'देखभाल-दुरुस्ती महापालिकेने करावी' ही एक ओळ. विषयपत्र स्थायी समितीत चर्चेविना मंजूर. फुकट येतंय त्याला कोण नाही म्हणणार? वर्षभराने फिल्टर बदलायची वेळ आली. पाणीपुरवठा विभाग म्हणाला, ही आमची मालमत्ता नाही. आरोग्य विभाग म्हणाला, यंत्र आहे तर विद्युत विभागाचं. विद्युत विभागाने शेरा मारला, 'तरतूद उपलब्ध नाही.' मालमत्ता नोंदवहीत यंत्राची नोंदच केलेली नव्हती, म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तो लेखा विभागावर. यंत्र बंद पडलं. पण वीजजोडणी तोडा असा अर्ज कोणी द्यायचा हेही ठरेना, त्यामुळे थेंबभर पाणी न देता त्या यंत्राचं स्थिर आकाराचं बिल दरमहा येत राहिलं आणि मी ते पास करत राहिले. फलक मात्र उन्हापावसात टिकला. छपाई चांगली होती.

हे एका कंपनीचं किंवा एका महापालिकेचं पाप नाही, आपला कायदाच असा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के. नफा वर-खाली होतो, म्हणजे कंपनी वीस वर्षांचा शब्द देऊच शकत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे बहुवर्षीय प्रकल्प म्हटला तरी सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि त्याच वेळी कायमनिधीत, म्हणजे मुद्दल न मोडता ठेवायच्या ठेवीत, दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरायचं बंद झालं. का, तेही कळतं. पैसा ठेवीत टाकून कागदोपत्री खर्च दाखवण्याचे प्रकार होत असणार. पण त्यामुळे झालं काय, की ज्या ठेवीच्या व्याजावर पुढची पंधरा वर्षं फिल्टर बदलता आले असते, ती ठेव ठेवायचा मार्गच बंद. वस्तू द्या, चालेल. वस्तू चालती ठेवायची तजवीज द्या, चालणार नाही.

अटी घालून आणि शेवटपर्यंत थांबून देणगी द्यायची कल्पना काही अमेरिकेची नाही. १८४० च्या दशकात माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडीत माणसं बुडत होती. सरकार रस्ता बांधेना, तेव्हा लेडी जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले. खर्च वाढला तेव्हा आणखी ५७ हजार घातले. अट एकच, या रस्त्यावर कोणाकडूनही पथकर घ्यायचा नाही. वाढीव खर्च स्वतःच्या अंगावर घेणारा देणगीदार मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

तेव्हा आपल्या लेखकांनी 'उद्योगांनी पुढे यावं' यावर न थांबता दोन गोष्टींचा पाठपुरावा करावा असं सुचवते. महापालिकेने मान्य केलेल्या प्रत्येक भेटवस्तूमागे काही टक्के रक्कम महापालिकेच्याच नावे, स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, मुदत ठेवीत ठेवायला केंद्राने नियमात मुभा द्यावी. मुद्दल काढता येणार नाही, व्याज फक्त त्या मालमत्तेच्या देखभालीला, आणि दरवर्षी लेखापरीक्षण. पळवाट होईल ही भीती असेल तर ठेव कंपनीच्या ट्रस्टकडे न ठेवता महापालिकेच्या खात्यात ठेवा, म्हणजे ती आमच्यासारख्यांच्या नजरेखाली राहील. आणि दुसरं, करारातल्या अटी सही होण्याआधी संकेतस्थळावर टाका. डेट्रॉइटमध्ये निदान भांडण तरी उघड्यावर झालं. आपल्याकडे करार होतो तो फलकावरून कळतो.

या ट्रस्टने आता आपलं मुख्यालय ट्रॉयच्या या शांत उपनगरातून हलवून डेट्रॉइट शहरात, मेरीग्रोव्ह या बंद पडलेल्या कॉलेजच्या आवारात नेण्याचं ठरवलंय. त्या आवारात बालवाडीपासून पुढचं शिक्षण एकत्र चालवण्यासाठी क्रेझगीने मिशिगन विद्यापीठ आणि शहराच्या शाळांबरोबर आधीच पाच कोटी डॉलर घातले आहेत. आता कार्यालयही त्याच गल्लीत असेल. दिवा बंद पडला तर त्यांच्याही दारातला पडेल.

आपल्या वार्ताहरांना एक काम सांगते, फार अवघड नाही. आपल्या आवृत्त्या निघतात त्या प्रत्येक शहराच्या महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात एवढंच मागा: गेल्या पाच वर्षांत सीएसआरमधून काय काय स्वीकारलं, करार किती मुदतीचा, मुदत संपल्यावर देखभाल कोणत्या लेखाशीर्षावर, आणि ते आज चालू आहे का. उत्तरात शेवटचा रकाना कोरा आला तर तो कोराच छापा. मी परत येईन तेव्हा यादी तपासायला मला बोलवलंत तर येईन, मानधन नको.

कळावे, लोभ असावा.

एक निवृत्त महिला लेखाधिकारी
(सध्या मुक्काम ट्रॉय, मिशिगन. नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)